हिवाळ्यातील सायकलिंग

हिवाळ्यातील सायकलिंग म्हणजे थंड ऋतूत, विशेषतः हिमवर्षाव होणाऱ्या प्रदेशांत, वाहतुकीसाठी अथवा व्यायामासाठी केला जाणारा सायकलचा वापर होय. हवा पूर्ण शांत असली तरी सायकलस्वाराला स्वतःच्या वेगाइतका वारा समोरून लागतो. त्यामुळे थंडीपासून बचाव करताना कपड्यांच्या जाडीइतकेच वारा अडवण्याला महत्त्व असते.

वाऱ्याचा परिणाम

त्वचेलगत शरीराच्या उष्णतेने ऊबदार झालेला हवेचा पातळ थर असतो. वारा हा थर दूर सारतो व शरीरातील उष्णता वेगाने बाहेर पडते. पॉल सिपल व चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठण्यास लागणारा वेळ मोजून या परिणामाचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिका व कॅनडा यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार हवेचे तापमान −१०° से. आणि वाऱ्याचा वेग ताशी २० किमी असल्यास सुमारे −१८° से. इतकी थंडी जाणवते. हे सूत्र चालणाऱ्या व्यक्तीसाठी असल्याने सायकलस्वाराच्या बाबतीत त्याचे उत्तर अंदाजापुरतेच घ्यावे लागते.

वाऱ्यामुळे शरीर हवेपेक्षा अधिक थंड होत नाही. म्हणून हवेचे तापमान शून्य अंशाच्या वर असताना हिमदंश होत नाही. मात्र ओल्या कपड्यांत शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घटू शकते.

पोशाख

सामान्यतः तीन थरांचा पोशाख वापरला जातो. आतील लोकरी किंवा पॉलिस्टरचा थर घाम त्वचेपासून दूर नेतो. सुती कापड घाम धरून ठेवते. मधला थर ऊब राखतो, तर बाहेरचा थर वारा अडवतो. काही जॅकेटांची पुढची बाजू वारारोधक व पाठीची बाजू हवा खेळती ठेवणारी असते. चढावर घाम आल्यानंतर उतारावर वेग वाढताच थंडी तीव्र होते. म्हणून चढापूर्वी जॅकेटची चेन सैल करून उतारापूर्वी ती लावतात. घाटमाथ्यावरून उतरताना छातीवर, कपड्याच्या आत वर्तमानपत्र ठेवण्याची पद्धत सायकल शर्यतपटूंमध्ये रूढ होती.

हात, पाय व डोके

हँडल धरलेले हात जवळजवळ स्थिर व थेट वाऱ्यात असतात. बोटे बधिर झाल्यास ब्रेक वेळेवर दाबता येत नाहीत. यासाठी वारारोधक हातमोजे किंवा हँडलवर बसवलेली आवरणे वापरतात. घट्ट बुटांत जाड मोजे घातल्यास रक्तप्रवाह कमी होऊन पाय अधिक गार पडतात. शिरस्त्राणाखाली कान झाकणारी पातळ टोपी घालतात.

मार्गाची निवड

ताशी २० किमी वेगाने जाताना समोरून ताशी १० किमीचा वारा आल्यास अंगावर ताशी ३० किमीचा वारा लागतो. तोच पाठीमागून आल्यास केवळ १० किमीचा. त्यामुळे जाताना वाऱ्याविरुद्ध व घाम आलेल्या अवस्थेत परतताना वाऱ्याच्या दिशेने जाणे सोयीचे ठरते. झाडी व इमारतींच्या आडोशानेही वारा कमी होतो.

प्रसार

फिनलंडमधील औलू हे शहर हिवाळ्यातील सायकल वापरासाठी ओळखले जाते. तेथील सायकलमार्गांची हिवाळ्यातही देखभाल केली जाते. हिवाळी सायकलिंगविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये याच शहरात झाली.