ओली वाफ व मळसूत्री यंत्र

संगमेश्वर तालुक्यांतील तुरळ येथें ऊन पाण्याचें कुंड आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. तेथें सहलीस गेलों असतां आमच्यांतील एकानें विचारिलें कीं, ही फुकटची उष्णता यंत्रास जुंपतां येणार नाहीं काय? उत्तर शोधतां शोधतां आम्ही मळसूत्री यंत्रापर्यंत जाऊन पोहोंचलों.

टर्बाइनास कोरडी वाफ लागते. वाफेंत पाण्याचे थेंब असले म्हणजे ते अतिवेगानें फिरणाऱ्या पात्यांवर आदळून पातीं झिजवितात व शक्तीहि वाया दवडितात. भूगर्भांतून येणारी वाफ तर बहुधा ओलीच असते.

मळसूत्री यंत्राची गोष्ट निराळी. उसाच्या चरकाच्या दोन लाटा डोळ्यांपुढें आणाव्या; त्यांवर मळसूत्राप्रमाणें वळत गेलेले खोल आटे पाडून त्या एकमेकींत गुंतविल्या व बंद पेटींत बसविल्या, कीं झालें. एका टोंकास लहान पोकळींत शिरलेली वाफ फुगत फुगत लाटांस फिरविते व दुसऱ्या टोंकानें बाहेर पडते. वेग बेताचा, म्हणून थेंबांचें भय नाहीं. स्वीडनचे इंजिनिअर लिशोल्म यांनीं १९३० नंतरच्या दशकांत असें मळसूत्र हवा दाबण्यासाठीं सिद्ध केलें. वाफेसाठीं तें उलटें चालवावयाचें.

यांतला खरा शत्रु म्हणजे फट. लाटा व पेटी यांमध्यें बारीक जागा ठेवावीच लागते, आणि तींतून वाफ काम न करितां निसटते. येथें पाणीच उपकारक ठरतें. तें फटींत शिरून ती कांहीं अंशीं बुजवितें. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील यूटा संस्थानांत प्रयोग झाले, त्यांत तर लाटांवर बसलेला क्षारांचा थर फट कमी करितो असें आढळलें. न्हाणीघरांतील बंबांत ज्या थरास आम्ही नांवें ठेवितों, तोच हा! दुसरी बाब वाफेच्या मापाची. आंत येण्याचें दार उशिरां मिटलें तर वाफ जोर शिल्लक असतांच बाहेर पडते; फार लवकर मिटलें तर ती अति फुगून लाटांस मागें ओढते. हें माप दाबानुसार जुळविणें हेंच कार्यक्षमता वाढविण्याचें मर्म होय.

आतां तुरळ. आपल्या किनाऱ्यावरील झऱ्यांचें पाणी फार तर ७० अंशांच्या आसपास. तें उघड्यावर उकळत नाहीं. हवेच्या तृतीयांशाहून कमी दाबांत उकळेल. थंड करावयास पाणी ३० अंशांचें धरिलें, तर निर्दोष यंत्रासहि उष्णतेच्या १०० भागांपैकीं सुमारें १२ च कामास लावितां येतील. प्रत्यक्षांत त्याच्या निम्मेहि कठीण. खोल विंधण घेऊन अधिक तप्त पाणी लाभलें तरच कांहीं आशा. प्रश्नकर्त्या सोबत्यास हें गणित दाखवितांच त्यानें विंधणास खर्च किती, असें विचारिलें.