कर्म की पूरक?

गेल्या दिवाळीत चार दिवस घाटनांदूरला होतो. लातूर रोडहून परळीकडे जाणारी गाडी पानगाव सोडते आणि पुढचे स्टेशन आमचे. नोकरीतल्या बदल्यांनी मला गावाबाहेर काढले आणि निवृत्तीनंतर मी लातुरात राहिलो, पण धाकटा भाऊ शेती धरून तिथेच आहे. लाडू-चिवड्याचे ताट पुढे ठेवून त्याची नात माझ्याजवळ वही घेऊन बसली. नववीत आहे. सुट्टीचा अभ्यास म्हणून अकरा इंग्रजी वाक्ये दिली होती आणि प्रत्येकाची रचना ओळखून समोर अक्षरे लिहायची होती. कर्त्याला एस, क्रियापदाला व्ही, कर्माला ओ, पूरकाला सी.

"आजोबा, हे ओ आणि सी सारखंच दिसतंय. ओळखायचं कसं?"

मी आधी हसलो आणि मग गप्प झालो. कारण नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर वेळेवर न सुचल्यामुळे माझ्या हातून एकदा एका शेतकऱ्याचे नुकसान झाले आहे. ती हकिगत पुढे सांगतोच. पण वाचकांपैकी अनेकांनी शाळा सोडून बरीच वर्षे झाली असतील, तेव्हा आधी हा ओ आणि सीचा घोळ काय आहे ते पाहू.

मी घाटनांदूरच्या शाळेत होतो तेव्हा, म्हणजे १९७० च्या आसपास, इंग्रजी पाचवीत सुरू होई. (पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० सालच्या जूनपासून.) आमच्या घरात इंग्रजीचा गंधही नव्हता. वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. अंबाजोगाईला ते शेवटपर्यंत अधूनमधून मोमिनाबादच म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदलले, पण वडिलांच्या हिशेबाच्या वहीतली लिपी काही लगेच बदलली नाही. ते म्हणत, "उर्दू काय, आपलीच आहे. रोटी खाई, भाकरी खाल्ली, एकच चाल. ही इंग्रजी मात्र उलट्या पायाची." वडिलांनी व्याकरणाचे पुस्तक कधी उघडले नव्हते, पण निदान अचूक होते. उर्दूत काय, मराठीत काय, क्रियापद शेवटी येते आणि 'ने' लागला की ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. आईने भाकरी केली, आईने लाडू केला. करणारी आई तीच, पण क्रियापद भाकरीकडे आणि लाडवाकडे पाहून लिंग बदलते. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिले, त्यातली प्रयोगांची चर्चा वाचताना भल्याभल्यांना घाम फुटतो. आमच्या आयांना मात्र ते सगळे न शिकता येते.

आमच्या इंग्रजीच्या सरांनी यावर एक युक्ती काढली होती. शाळेतून मालगाडीचे शंटिंग ऐकू येई. सर म्हणत, "पोरांनो, मराठीतल्या प्रत्येक डब्यावर पाटी लावलेली असते. डबा कुठेही जोडा, पाटी वाचली की कळतं आत काय आहे. इंग्रजीतल्या डब्यांना पाट्याच नाहीत. कितव्या नंबरला जोडलाय, त्यावरून ओळखायचं." मग फळ्यावर लिहीत : पोराने बैलाला मारले. बैलाला पोराने मारले. मारले पोराने बैलाला. कसेही फिरवा, मार बैलालाच बसतो, कारण 'ने' आणि 'ला' या पाट्या जागेवर आहेत. आता इंग्रजीत 'द बॉय हिट द बुलक' मधली दोन नावे फिरवून पाहा. मार पोराला बसतो! सगळा वर्ग हसायचा. आज वाटते, पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी पानांत जे समजले नसते ते त्या मालगाडीने समजावले.

आता राहिले साचे. फार नाहीत. गाडी आली, 'द ट्रेन केम' : कर्ता आणि क्रियापद, संपले. वडिलांनी बैल विकला, 'फादर सोल्ड द बुलक' : यात कर्म आले. विहीर कोरडी आहे, 'द वेल इज ड्राय' : इथे 'ड्राय' हे कर्म नाही, विहिरीवर कोणी काही केलेले नाही, विहीर कशी आहे एवढेच सांगितले, म्हणून ते पूरक. आपल्या शाळेच्या व्याकरणात याला विधानपूरक म्हणतात. चौथ्या साच्यात कर्मे दोन, एक ज्याला मिळाले तो आणि एक जे मिळाले ते : 'द बँक गेव्ह फादर अ लोन'. आणि पाचव्यात कर्म आणि त्या कर्माचे पूरक : 'पीपल कॉल हिम पाटील', लोक त्याला पाटील म्हणतात. हिम आणि पाटील ही दोन माणसे नाहीत, एकच आहे.

ही पाचाची मोजणी सी. टी. ओनियन्स या इंग्रज कोशकाराने १९०४ मध्ये आपल्या वाक्यविचारावरच्या पुस्तकात मांडली. जपानमध्ये शाळकरी मुले आजही हेच पाच साचे घोकतात. त्याच जपानात इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबीने १९५४ साली निव्वळ क्रियापदांचे पंचवीस साचे करून दाखवले. पुढे १९७२ मध्ये रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी साताची यादी केली. 'द स्टेशन इज निअर द व्हिलेज' यातला ठिकाण सांगणारा भाग काढला तर वाक्यच लंगडे पडते, म्हणून अशांसाठी त्यांनी दोन साचे वाढवले. पाच म्हणा, सात म्हणा, पंचवीस म्हणा. ज्याला जेवढी दावण लांब, त्याने तेवढी गुरे बांधावीत.

आमच्याकडे हे ज्ञान बहुतेकांना 'रेन अँड मार्टिन'च्या जाड पुस्तकातून मिळाले. यातला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि 'ब्यू जेस्ट' ही १९२४ साली गाजलेली कादंबरी त्याचीच. कादंबरीकाराने व्याकरण लिहावे आणि लोकांनी त्याला व्याकरणासाठीच लक्षात ठेवावे, यात आम्हा लिहिणाऱ्यांसाठी एक गंमत आहे आणि थोडी भीतीही. त्याच्या आधीपासून घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होतीच. तिचा रोख वेगळा होता. साचा ओळखू नका, मराठी वाक्य घ्या आणि त्याचे इंग्रजी करा.

भाषांतराचाही एक खड्डा आहे, त्यात आम्ही सगळे पडलो. 'मला आंबा आवडतो' याचे इंग्रजी मी सहावीत 'मँगो लाइक्स मी' असे केले होते. चूक कशाने म्हणावे? मराठीत क्रियापद आंब्याच्या मागे चालते. आंबे असले की आवडतात, कैरी असली की आवडते. मग आंबाच कर्ता! 'मला ताप आला' याचे 'फीव्हर केम टू मी' होते आणि 'मला दोन भाऊ आहेत' याचे 'टू ब्रदर्स आर टू मी'. आपल्याकडे ताप येतो, भूक लागते, राग येतो, भाऊही असतात. आपण फक्त 'मला' म्हणून त्यांच्यासमोर उभे. इंग्रजीत मात्र माणसाला पहिल्या डब्यात बसल्याशिवाय चैन पडत नाही. मुलांच्या या चुका अडाणीपणाच्या नसतात, मराठीच्या पाट्या इमानाने वाचल्याच्या असतात. तपासणाऱ्याने लाल शाई लावण्याआधी एवढे पाहिले तर बरे.

तर सांगायची होती ती हकिगत.

साल १९८६. बँकेत लागून मला पाच वर्षे झाली होती आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचे काम पाहायला नुकताच आलो होतो. माझ्या आधीचे अधिकारी मद्रासकडचे. मराठी येत नसे, हिंदी बेताची, पण माणूस उन्हातान्हात सायकलवर वाड्यावस्त्या फिरलेला. मे महिन्यात एक पन्नाशीचा शेतकरी बैलजोडीच्या कर्जाची चौकशी करायला आला. मी फाइल काढली. त्यात आधीच्या साहेबांचा तीन तुटक वाक्यांचा शेरा होता : 'मेट द पार्टी. फाउंड हिम अ शुअरिटी. मे कन्सिडर.'

मी वाचले ते असे : पार्टीला भेटलो. तो जामीनदार असल्याचे आढळले. विचार करावा.

म्हणजे हा गृहस्थ आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी कर्जाला जामीन आहे. ते कर्ज थकले असेल तर? मी आमची खतावणी चाळली, त्याचे नाव कुठे सापडेना. तेव्हा नक्कीच दुसऱ्या बँकेत किंवा सोसायटीत असणार, असे धरून मी त्याला दाखले आणायला सांगितले. तो पायपीट करून थकबाकी नसल्याचे दाखले घेऊन आला. मी म्हणालो, हे कर्जदार म्हणून झाले, जामीनदार म्हणून नाही, ते वेगळे लिहून आणा. तिसऱ्या खेपेला तो काउंटरला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी कुणालाच जामीन नाही. मलाच जामीन पाहिजे व्हता, तो मागल्या साहेबानं बघून दिला की!"

त्याने सांगितले ते मी ऐकले, पण घेतले नाही. फाइलमध्ये इंग्रजीत लिहिलेले होते ना.

मृग निघून गेला, आर्द्रा आल्या. ऑगस्टमध्ये प्रशिक्षणाच्या निमित्ताने ते मद्रासचे अधिकारी भेटले. जेवताना मी सहज विषय काढला. ते घास हातात धरून हसले. "नो, नो! आय फाउंड अ शुअरिटी फॉर हिम." त्या शेतकऱ्याला कोणी जामीन राहायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी स्वतः दोन गावे फिरून एक जामीनदार तयार केला होता. त्यांनी केलेली मदत मी त्याच्यावरचे बालंट म्हणून वाचली होती.

'फाउंड हिम अ शुअरिटी'. हिम आणि शुअरिटी एकच माणूस असेल तर शुअरिटी हे पूरक, आणि अर्थ 'तो जामीनदार आहे असे आढळले'. दोघे वेगळे असतील तर दोन कर्मे, आणि अर्थ 'त्याला जामीनदार शोधून दिला'. मराठीत हा गोंधळ होऊच शकत नाही. 'तो' आणि 'त्याला' या दोन पाट्या लांबूनही वेगळ्या दिसतात. इंग्रजीत अक्षर न अक्षर तेच आणि साचे दोन. शाळेत मी अशा वाक्यांपुढे एसव्हीओओ आणि एसव्हीओसी लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. टेबलापाशी माणूस उभा असताना मात्र या वाक्याला दुसरा साचा असू शकतो, हे माझ्या डोक्यात आले नाही.

शाखेत परतल्यावर मी त्याचे कर्ज मंजूर करून घेतले. तोवर त्याने दरमहा शेकडा तीनने सावकाराकडून पैसे उचलून बैल घेतले होते आणि पेरणी पंधरवडाभर लांबली होती. बँकेचे पैसे सावकाराला गेले. व्याजाचे त्याचे त्यालाच सोसावे लागले. मी फाइलमध्ये काय लिहिले? 'द मॅटर वॉज क्लॅरिफाइड.' बाब स्पष्ट झाली. कोणी घोळ केला, कोणी स्पष्ट केली, काही नाही. इंग्रजी कर्मणीची ही सोय सगळ्या कचेऱ्यांना फार आवडते, कर्ता न सांगता वाक्य पुरे होते. तो शेतकरी पुढेही बँकेत येत असे. मला रामराम करी. मी त्याच्याजवळ चूक कबूल केली ती शाखेतून बदली होऊन निघताना, चार वर्षांनी. तो म्हणाला, "कळलं व्हतं साहेब. शिपाई बोलला व्हता." यापेक्षा जास्त तो काही बोलला नाही.

दिवाळीत मी नातीला दोन युक्त्या दाखवल्या. दोन नावांच्या मध्ये मनातल्या मनात 'आहे' घालून बघ. तो पाटील आहे, जमते, म्हणून पूरक. वडील कर्ज आहेत, जमत नाही, म्हणून दोन कर्मे. दुसरी, मागचे नाव पुढे घेऊन 'फॉर' किंवा 'टू' लावून बघ. 'गेव्ह अ लोन टू फादर' चालते. 'कॉल पाटील टू हिम' चालत नाही. तिने भराभर सहा वाक्ये सोडवली. मग मी तिला माझे वाक्य लिहून दिले, तेच फाइलमधले. तिने दोन्ही युक्त्या लावल्या, पेन्सिल चावली आणि म्हणाली, "दोन्ही जमतंय. मग ओळखायचं कसं?"

"नुसत्या वाक्यावरून नाही ओळखता येत," मी म्हणालो आणि तिला सगळी हकिगत सांगितली.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण आजोबा, तो शेतकरी मराठीत सांगत होता ना?"

"हो."

"तीनदा आला होता?"

"तीनदा."

तिने वहीत त्या वाक्यापुढे दोन्ही रचना लिहिल्या, मध्ये 'किंवा' घातले आणि सातवे वाक्य काढले. बाहेर परळीकडची गाडी लागली होती. तिच्या आजीने चहा ठेवला, आणि आम्ही सातव्याला लागलो.