सब्र कुठून येतो? देवबागच्या एका मुलीच्या वहीतून

आजकालच्या मुलांमध्ये सब्र उरला नाही, ही तक्रार प्रत्येक पालकसभेत ऐकू येते. बारावीपर्यंत थांबत नाहीत, हातात चार पैसे आले की तालीम सोडून मोकळे होतात. या तक्रारीला देवबागच्या अकरावीतल्या एका मुलीने वहीत उत्तर लिहून आणलं आहे. ते आपल्या घरांमध्ये वाचलं जावं, म्हणून हा लेख.

सुट्टीत वर्गाला काम दिलं होतं. समाजातली विषमता आणि माणसाचं वागणं, या विषयावरच्या पॉडकास्टचे चार-पाच भाग ऐकायचे. (पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर हवा तेव्हा ऐकता येणारा रेडिओचाच कार्यक्रम.) मग काय पटलं, काय नाही ते लिहायचं. बहुतेकांनी सारांश लिहिला. हिने मात्र भांडण काढलं.

पहिलं भांडण मिठाईच्या प्रयोगाशी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांवर केलेला हा प्रयोग जगभर गाजला. मुलासमोर एक मिठाई ठेवायची आणि सांगायचं, आत्ता खाल्लीस तर एकच, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात सरस निघाली, असं नंतर दिसलं. तेव्हापासून 'सब्र असलेलं मूल यशस्वी' हे वाक्य भाषणाभाषणांतून फिरतंय.

देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर गाव. या मुलीचे अब्बा रापणीला जातात, हंगामात पर्यटकांच्या होडीवरही असतात. तिने लिहिलंय, रापण ओढून झाली की त्या दिवशी जे आलं त्याचे वाटे त्याच दिवशी होतात. उद्या दुप्पट देतो असं समुद्र कोणाला सांगत नाही. मग तिच्या घरातल्या मुलाने समोरची मिठाई लगेच खाल्ली, तर त्याला सब्र नाही म्हणायचं की अक्कल आहे म्हणायचं?

तिला ठाऊक नव्हतं, पण हाच प्रश्न संशोधकांनाही पडला होता. २०१३ मध्ये रोचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ लहान मुलं घेतली. मिठाईच्या आधी मुलांना चांगले रंग आणून देण्याचं वचन दिलं, नंतर चांगल्या स्टिकरचं. निम्म्या मुलांना ते आणून दिलं, उरलेल्यांना 'सॉरी, नाहीत' म्हणून सांगितलं. मग मिठाई ठेवली. ज्यांना वचन पाळलेलं दिसलं ती सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं, ती तीनच मिनिटं. पुढे २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांच्या माहितीवरून असंही दिसलं, की घरची परिस्थिती हिशेबात धरली की थांबणं आणि पुढचं यश यांतलं नातं फारच कमजोर होतं. म्हणजे सब्र हा नुसता स्वभाव नाही. समोरचा शब्द पाळेल का, यावर तो बराच अवलंबून आहे.

दुसरा भाग आम्हा शिक्षकांच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीतल्या ६४२ मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली, वाट शोधत बाहेर पडायची तसली. निम्मी मुलं उच्च मानल्या जाणाऱ्या जातींची, निम्मी खालच्या मानल्या गेलेल्या जातींची. जात कोणी विचारली नाही, तेव्हा दोघांनी सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांमध्ये प्रत्येकाचं नाव, बापाचं, आजोबांचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. एवढंच केलं, आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, कोडी तशीच.

यातली पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. बक्षीस कोणाला, हे जेव्हा माणसाच्या हातात न ठेवता चिठ्ठी टाकून ठरवायचं ठेवलं, तेव्हा जात सांगूनही फरक नाहीसा झाला. मुलांचा अविश्वास स्वतःच्या डोक्यावर नव्हता. मोजणाऱ्या माणसावर होता.

इथे आपल्या मुलीने लिहिलंय, लहानपणी वर्गात शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी 'मायनॉरिटीवाले उभे राहा' म्हटलं की ती उभी राहायची, आणि पुढचा तास कानात शिरायचा नाही. कोणी वाईट हेतूने म्हणत नसतं. पण फॉर्मला माहिती लागते, ती साऱ्या वर्गाने ऐकायची गरज नसते. यादी ऑफिसात ठेवता येते, पालकांच्या ग्रुपवर एकेकाला निरोप देता येतो. पालकांनीही हे शाळेत जाऊन सांगायला हरकत नाही.

कोणी म्हणेल, मुलांनी मनाला एवढं लावून घेऊ नये. पण अविश्वासाला कारण आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. हे आकडे मुलांपासून लपवून 'मेहनत कर, सगळं मिळतं' म्हणणं मला पटत नाही. मुलं गोव्यात, मुंबईत अर्ज करतात तेव्हा त्यांना कळतंच, आणि मग आपला दुसराही शब्द खोटा ठरतो. खरं सांगावं, आणि ज्या परीक्षांमध्ये उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, त्यांची तयारी लवकर सुरू करून द्यावी.

घरात दिलेला शब्दही या हिशेबात येतो. 'दहावी हो, मग बघू' यातलं 'बघू' मुलाला बरोबर ऐकू येतं. फी कुठून येणार, उत्पन्नाचा दाखला कधी काढणार, बँक खातं आधारला जोडलंय का, हे त्याच्यासमोर ठरलं तर तो थांबेल.

या मुलीचा मोठा भाऊ दहावीनंतर होडीवर लागला, त्याला दोन वर्षं झाली. वहीच्या शेवटच्या पानावर तिने विचारलंय, सतरा नंबरचा फॉर्म भरून भाऊ बाहेरून बारावीला बसू शकेल का? बसू शकतो. अर्ज बोर्डाच्या वेबसाइटवर भरायचा असतो, दहावीचं मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात. तेवढ्या दिवसांत कागद गोळा करून पहिली दोन पुस्तकं वाचून होतात.