विमानांचा पहिला कारखाना

सोलापूर म्हटले की चादरी, कापडगिरण्या आणि सिद्धेश्वराचे तळे एवढेच बहुधा आठवते. परंतु हिंदुस्थानात विमानांचा पहिला कारखाना ज्यांनी काढला, ते वालचंद हिराचंद याच गावचे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी तेथील एका गुजराती जैन व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरच्या पेढीवर त्यांचे मन रमेना. लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागी करून ते रेल्वेच्या कंत्राटांत शिरले. पहिले काम मिळाले ते घराजवळचेच : बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सात मैलांच्या मार्गाचे. पुढे त्यांनी बोरघाटात बोगदे खोदले आणि १९१९ साली सिंदिया कंपनीची आगबोट लंडनला धाडली. ज्या धंद्यात परकीयांची मक्तेदारी असे, नेमका तोच धंदा त्यांना खुणावीत असे.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा आपल्या देशात एकही विमान तयार होत नव्हते. विमाने विलायतेहून येत आणि आता ती खुद्द ब्रिटनलाच पुरत नव्हती. त्याच सुमारास वालचंद मोटारींच्या कारखान्याची बोलणी करण्यासाठी अमेरिकेस गेले होते. पॅसिफिक महासागरावरून विमानाने परतताना विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. हे गृहस्थ चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवीत होते. चीनमध्ये जे साधते ते हिंदुस्थानात का साधू नये? मोटारींचा विषय मागे पडला आणि वालचंदांनी विमानांचा ध्यास घेतला.

सरकारने प्रथम फारसा उत्साह दाखविला नाही. पण १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि सरकारचा सूर पालटला. आता जागेचा प्रश्न आला. बंगळूरची हवा सौम्य होती, गाव समुद्रापासून दूर होते, शिवसमुद्रम्‌च्या धबधब्याची वीज तेथे मुबलक मिळे आणि शास्त्रज्ञांची मोठी संस्थाही जवळच होती. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन देऊ केली आणि संस्थानचे भांडवलही घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन झाली. अवघ्या आठ महिन्यांत, १९४१ च्या ऑगस्टमध्ये, तेथे जोडलेले ‘हार्लो’ जातीचे शिकाऊ विमान आकाशात झेपावले. त्याचे सुटे भाग अमेरिकेहून आले होते, त्यामुळे त्यास पूर्णपणे स्वदेशी म्हणता येणार नाही. तथापि जेथे कालपर्यंत मोकळे माळरान होते, तेथील कामगारांच्या हातून ते उभे राहिले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. खाजगी मालकाच्या हाती असा कारखाना ठेवणे सरकारला धोक्याचे वाटू लागले. १९४२ च्या एप्रिलमध्ये वालचंदांचे भाग सरकारने विकत घेतले. त्यांना मोबदला मिळाला. पण त्यांनी जन्मास घातलेला कारखाना दीड वर्षाचाही झाला नव्हता, तोच त्यांच्या हातून गेला. पुढच्या वर्षी तो अमेरिकन सैन्याकडे सोपविण्यात आला. नवी विमाने घडविण्याचे काम थांबले आणि युद्धात मोडलेली विमाने दुरुस्तीसाठी तेथे येऊ लागली.

युद्ध संपल्यावर काही काळ या कारखान्यात आगगाडीचे डबे तयार होत. विमानांची विद्या मात्र तेथे टिकून राहिली. ती टिकविणाऱ्यांत विष्णू माधव घाटगे हे मराठी शास्त्रज्ञ प्रमुख होते. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या विख्यात पंडिताच्या हाताखाली त्यांनी वायुगतीचा अभ्यास केला होता. त्यांच्या आराखड्यावरून बांधलेले ‘एचटी–२’ हे दोन आसनी विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. आता आराखडाही येथलाच होता. या विमानावर भारतीय वायुसेनेतील अनेक वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे घेतले.

वालचंद तोपर्यंत आजारी पडून कारभारातून निवृत्त झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी ते निवर्तले. १९६४ साली कंपनीचे नाव ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ असे झाले आणि नाशिकजवळ ओझर येथे तिच्या नव्या कारखान्यात मिग जातीची लढाऊ विमाने तयार होऊ लागली.