भाडे किती, झोप किती

सप्टेंबर 1917 मध्ये गांधीजी मुंबईहून मद्रासला मेलगाडीच्या तिसऱ्या वर्गाने गेले. तिकीट 13 रुपये 9 आण्यांचे. डब्यात 22 जणांची सोय, तीही फक्त बसण्याची. नीट आडवे व्हायला जागा नव्हती आणि वाटेत दोन रात्री काढायच्या होत्या. या प्रवासावर त्यांनी लिहिलेल्या लेखातला हिशेब मला आजही महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्या वर्गाच्या पाचपटीहून थोडे जास्त होते. मग तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्या वर्गातल्या आरामाचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो का, असे त्यांनी विचारले. भाडे आणि आराम यांचे काहीतरी प्रमाण असावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

या मागण्याला सर्वांत ठोस उत्तर दिले ते राजापूरच्या खासदाराने. 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर मधू दंडवते यांनी तोवर सर्वांत खालचा उरलेल्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच जाडीचा फोम बसवायला घेतला. 26 डिसेंबर 1977 रोजी सुरू झालेली मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गविरहित गाडी होती, तिच्यापासून हे सुरू झाले. पुढच्या दशकभरात लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या फळ्या जाऊन गाद्या आल्या. पहिल्या वर्गाची शान कमी करण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाची पाठ सांभाळणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. कोकण रेल्वेसाठी दंडवत्यांचे नाव आपण घेतोच. या फोमसाठीही ते तितक्याच आदराने घ्यायला हवे.

आता आजचे प्रमाण पाहू. मुंबई ते हावडा नागपूरमार्गे सुमारे दोन हजार किलोमीटर आणि तीसेक तास. एवढ्या अंतराला स्लीपरचे भाडे सात-आठशे रुपयांच्या आसपास पडते. थ्री एसी ढोबळमानाने त्याच्या अडीचपट किंवा थोडे अधिक, टू एसी पावणेचारपट आणि फर्स्ट एसी सहापटीच्या पुढे. त्याबदल्यात काय मिळते? स्लीपरमध्ये बर्थ, पंखा, उघडणारी खिडकी. थ्री एसीत गारवा, धुतलेल्या चादरी, उशी, ब्लँकेट आणि मुख्य म्हणजे शांतता, कारण बंद काचांमुळे चाकांचा खडखडाट निम्म्याने कमी वाटतो. टू एसीत मधला बर्थ नसतो, म्हणून दिवसभर मान न वाकवता बसता येते. गुडघे-कंबर दुखणाऱ्या माणसासाठी हा फरक पैसे वसूल करणारा आहे. फर्स्ट एसीत दार लावून घेता येते. झोप मात्र टू एसीपेक्षा फार वेगळी लागत नाही.

माझे मत विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्लीपर पुरेसा आहे. सोबत घरची चादर आणि हवेची उशी असली की झाले. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातून जाणाऱ्या गाडीत मात्र लहान मूल किंवा म्हातारे माणूस बरोबर असेल तर थ्री एसीचे पैसे काढावेतच. बर्थ शक्यतो डब्याच्या मधोमध घ्यावा. टोकाला चाके जवळ, दाराची उघडझाप आणि संडासाचा वास, तिन्ही एकदम भोगावे लागतात. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच उघडायचा नियम आहे, हे खालच्या आणि मधल्या दोघांनीही लक्षात ठेवले तर निम्मी भांडणे मिटतील.

मूळ भाड्यावर आणखी बरेच चढते. आरक्षण शुल्क, सुपरफास्टचा अधिभार, वातानुकूलित वर्गाला 5 टक्के जीएसटी, तात्काळ काढले तर त्याचे वेगळे. राजधानी-दुरांतोत 2016 पासून जागा भरत जातील तसे भाडे चढते. आणि आरएसी! भाडे पूर्ण घ्यायचे आणि साइड लोअरवर दोघांना रात्रभर पाय दुमडून बसवायचे, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. अर्ध्या बर्थला अर्धे भाडे असायला हवे.

यापेक्षाही मला काळजी वाटते ती कमी होत चाललेल्या स्लीपर डब्यांची. पूर्वी ज्या गाडीला दहा-बारा स्लीपर डबे असायचे, अशा कित्येक गाड्यांना आता पाच-सहाच उरले आहेत. कारण सरळ आहे. नव्या एलएचबी बांधणीच्या स्लीपर डब्यात 80 बर्थ, थ्री एसीत 72. भाडे अडीचपट धरले तर भरलेला थ्री एसी डबा स्लीपरच्या सव्वादोनपट उत्पन्न देतो. प्रवासी वाहतुकीत तोटा सोसणाऱ्या रेल्वेला अनेक वर्षे थ्री एसीनेच आधार दिला आहे. 2021 मध्ये आलेल्या थ्री एसी इकॉनॉमीच्या पहिल्या डब्यांत तर 83 बर्थ बसवले होते. पण ज्याच्या खिशात आठशेच रुपये आहेत, त्याला यातून वरचा वर्ग परवडू लागत नाही. तो जनरलच्या दाराशी उभा राहतो, म्हणजे 1917 पेक्षाही वाईट जागी. जानेवारी 2026 मध्ये हावडा ते कामाख्या धावू लागलेल्या वंदे भारत स्लीपरमध्ये आरएसी नाही, ही चांगली गोष्ट. पण 16 डब्यांच्या त्या गाडीत बिनवातानुकूलित बर्थ एकही नाही.

उलट दिशेचे प्रयत्नही चालू आहेत आणि त्यांची चर्चा अधिक व्हायला हवी. डिसेंबर 2023 अखेर सुरू झालेली अमृत भारत ही पूर्णपणे बिनवातानुकूलित डब्यांची नवी गाडी. तिला दोन्ही टोकांना इंजिन असते आणि डब्यांची जोडणी घट्ट असल्याने निघता-थांबताना झोपलेल्या माणसाला हिसके कमी बसतात. चेन्नई विभागाने तर जानेवारी 2026 पासून काही गाड्यांच्या स्लीपरमध्ये मागणीनुसार अंथरूण द्यायचे ठरवले: चादर 20 रुपये, अभ्र्यासह उशी 30, दोन्ही मिळून 50. मुंबईहून नागपूरला, हावड्याला, गोरखपूरला जाणाऱ्या गाड्यांत ही सोय सुरू करायला नवे डबे लागत नाहीत, रूळही लागत नाहीत.