दमयंतीचे दुसरे स्वयंवर : विदर्भकथेतील सत्य, एकनिष्ठा आणि त्यांची भाषा

पतिपत्नींनी एकमेकांशी कितपत खरे बोलावे, एकनिष्ठेची परीक्षा कोणी कोणाची घ्यावी आणि ती घेताना असत्याचा आश्रय करावा काय, हे प्रश्न आधुनिक कादंबरीने प्रथम उपस्थित केले असा एक समज आहे. वस्तुतः या तिन्ही प्रश्नांची गुंफण असलेली एक कथा आपल्या दाराशीच आहे. ती नल-दमयंतीची होय. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. तिचे माहेर कुंडिनपुर. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर हेच ते कुंडिनपुर, असे परंपरा मानते. प्रस्तुत लेखात या कथेच्या ऐतिहासिकतेचा विचार करावयाचा नसून, तीमध्ये सत्य व एकनिष्ठा यांची सांगड कशी घातली आहे आणि आपल्या भाषेतील काही शब्द त्याच सांगडीची साक्ष कशी देतात, एवढेच पाहावयाचे आहे.

(१) कथेचे स्थान

नलोपाख्यान महाभारताच्या वनपर्वात येते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ते आरण्यकपर्वाच्या ५० ते ७८ या अध्यायांत आहे. द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ही कथा सांगतात. श्रोत्याची ही निवड सहेतुक दिसते. युधिष्ठिराने पत्नी पणाला लावली होती. नलाला मात्र पुष्कर तसे सुचवितो तेव्हा तो मुकाट्याने अंगावरील अलंकार उतरून ठेवतो आणि एका वस्त्रानिशी नगराबाहेर पडतो.

युरोपातील संस्कृताध्ययनाच्या इतिहासातही या उपाख्यानाला मानाचे स्थान आहे. तौलनिक भाषाशास्त्राचे एक प्रवर्तक फ्रान्झ बोप यांनी १८१९ मध्ये लंडन येथे त्याचा मूळ पाठ लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि पुढे विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या याच कथेवरून संस्कृत शिकल्या.

आपल्या काव्यपरंपरेने मात्र या कथेचा पूर्वार्धच अधिक जवळ केला. त्रिविक्रमभट्टाचे नलचंपू नल देवांचा निरोप घेऊन दमयंतीकडे जातो तेथेच थांबते. श्रीहर्षाच्या नैषधीयचरिताचे बावीस सर्ग विवाह व विवाहोत्तर सुख यांपलीकडे जात नाहीत. मराठीत रघुनाथ पंडितांचे आख्यान रसिकांना आठवते ते हंसामुळे व पहिल्या स्वयंवरामुळे. खुद्द कौंडण्यपुराची लोकस्मृतीही दमयंतीपेक्षा रुक्मिणीची आहे. तेथून आषाढीला पंढरपूरला पालखी जाते ती रुक्मिणीच्या माहेरची म्हणून. परिणामी दमयंतीचे दुसरे स्वयंवर, म्हणजे या कथेतील सर्वांत धीट प्रसंग, काहीसा उपेक्षित राहिला.

(२) पहिले स्वयंवर : शब्दाची अडचण

इंद्र, अग्नी, वरुण व यम हे चौघे देव नलाला वाटेत गाठून साहाय्य मागतात. काम कोणते हे विचारण्यापूर्वीच नल शब्द देऊन बसतो. काम निघते ते असे की, त्याने दमयंतीकडे जाऊन तिला या चौघांपैकी एकाला वरण्याविषयी सांगावे. सत्यवचनी पुरुषाची ही मोठी कोंडी होय. शब्द पाळावा तर प्रेमाशी प्रतारणा, आणि प्रेम राखावे तर शब्दाशी. नल निरोप प्रामाणिकपणे पोचवतो. कोंडी फोडते ती दमयंती. देवांसह तूही स्वयंवराला ये, मी सर्वांदेखत तुला वरीन, म्हणजे तुझ्याकडे दोष येणार नाही, असे ती सुचविते. नल हे सारे बोलणेही देवांना जसेच्या तसे सांगतो.

मंडपात एकसारखे दिसणारे पाच नल उभे राहतात तेव्हा दमयंती जे करते त्याला सत्यक्रिया म्हणतात. मी मनाने नलालाच वरले आहे. हे खरे असेल तर त्या सत्याच्या बळावर देवांनी मला तो दाखवावा, असे ती बोलते. देवांची लक्षणे तत्काळ प्रकट होतात. त्यांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, पाय भूमीला टेकत नाहीत. नलाची सावली पडलेली आहे, माळ कोमेजली आहे, अंगावर धूळ आहे. दमयंती या धुळीने माखलेल्या मनुष्याला वरते. येथे सत्य हे वस्तुस्थितीचे केवळ वर्णन नव्हे. ते उच्चारताच जगात काही घडते. वचन, शपथ व शाप यांच्या पंक्तीत बसणारा हा वाग्व्यापार आहे.

(३) अरण्यातील प्रतारणा

राज्य गेल्यावर दोघे एकाच वस्त्रात अरण्यात हिंडतात. नल तिला वाटा दाखवितो: हा विंध्य, ही समुद्राकडे जाणारी पयोष्णी, हा विदर्भाचा मार्ग, हा कोसलाचा. पयोष्णी म्हणजे तापी की अमरावती-अकोल्याच्या प्रदेशातून वाहणारी पूर्णा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वाटांच्या या वर्णनातील गर्भितार्थ ओळखण्यास दमयंतीला वेळ लागत नाही. मला सोडावयाचे नसेल तर पुनःपुन्हा विदर्भाची वाट का दाखविता, असे ती विचारते. मी स्वतःला सोडीन, पण तुला सोडणार नाही, असे नल उत्तर देतो. त्याच रात्री ती निजलेली असताना तो वस्त्र अर्धे कापतो, जातो, परत येतो, पुनःपुन्हा घुटमळतो आणि अखेर निघून जातो.

ज्या पुरुषाने देवांना दिलेला शब्द स्वतःच्या सुखाविरुद्ध पाळला, त्यानेच पत्नीला दिलेला शब्द एका रात्रीत मोडला. कथाकार याचा दोष नलाच्या शरीरात शिरलेल्या कलीकडे देतो. तथापि दमयंतीच्या दृष्टीने घडलेले तेच राहते: तिच्याशी खोटे बोलले गेले.

(४) दुसरे स्वयंवर : ज्याला कळावे त्यालाच कळणारे असत्य

माहेरी परतलेली दमयंती नलाच्या शोधार्थ ब्राह्मण पाठविते. अयोध्येला ऋतुपर्णाच्या पदरी असलेल्या बाहुक नावाच्या कुरूप सारथ्याने तिच्या निरोपाला अश्रूंनी उत्तर दिल्याचे पर्णाद सांगतो. तेव्हा ती आईच्या समक्ष, पण वडिलांना कळू न देता, सुदेवाकरवी ऋतुपर्णाला कळविते की, नल जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसल्यामुळे दमयंती उद्या सूर्योदयी दुसरा पती वरणार आहे.

हे असत्य फार विचारपूर्वक रचलेले आहे. शंभर योजनांचे अंतर एका दिवसात तोडू शकेल असा सारथी नलावाचून दुसरा नाही. म्हणजे वार्ता राजाला, पण निमंत्रण सारथ्याला. शिवाय ती ऐकणाऱ्याला अशक्य वाटू नये अशीही आहे. पती नाहीसा झाला असता स्त्रीने दुसरा पती करण्यास नारद व पराशर या स्मृतींत आधार आहे. पराशराच्याच वचनावर १८५५ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाचा पक्ष उभा केला. नारदस्मृती तर प्रतीक्षेची मुदतही सांगते: क्षत्रिय स्त्रीने सहा वर्षे, अपत्य नसल्यास तीन. दमयंतीला दोन अपत्ये आहेत आणि कथेत वियोगाचा काळ तीन वर्षांचा सांगितला आहे. स्मृती व उपाख्यान यांचा काळ एक धरता येत नाही. तरीही या मापाने पाहता तिची घोषणा घाईची पण कल्पनेबाहेरची नव्हे, असे म्हणता येईल.

ऋतुपर्ण कुंडिनपुरी पोचतो तो तेथे स्वयंवराची कसलीच तयारी नाही. आपण सहज भेटीस आलो, असे सांगून तो वेळ निभावतो. असत्याचे आयुष्य एका दिवसाचे ठरते. त्याने नलाखेरीज कोणाला फसविले असेल तर ऋतुपर्णाला. आणि त्याचीही हानी होत नाही, कारण वाटेत अश्वविद्येच्या मोबदल्यात द्यूतविद्या देण्याचा व्यवहार झालेला असतो.

(५) दोन परीक्षा

यानंतर कथेत दोन परीक्षा येतात आणि त्यांतील भेद हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. दमयंती केशिनी दासीकरवी बाहुकाची परीक्षा घेते. पाहताक्षणी त्याची भांडी पाण्याने भरतात काय, गवताला आपोआप आग लागते काय, त्याने शिजविलेल्या अन्नाची चव तीच आहे काय, मुले पाहून त्याचे डोळे भरतात काय, हे ती तपासते. ही परीक्षा ओळखीची आहे: हा माणूस तोच आहे काय? तीन वर्षांत त्याचे मन अन्यत्र गेले काय, हे ती विचारीत नाही.

नल घेतो ती परीक्षा चारित्र्याची आहे. अनुरक्त पतीला सोडून तुझ्यासारखी स्त्री दुसरा पती कशी वरू शकते, असे तो विचारतो. अरण्यात कोणी कोणाला सोडले हे या प्रश्नात बुडून जाते. दमयंती पुन्हा सत्यक्रिया करते. मी पाप केले असेल तर वायू, सूर्य व चंद्र यांनी माझे प्राण घ्यावेत, असे ती म्हणते. वायू आकाशातून ग्वाही देतो की, तिने शील राखले आहे आणि हा उपाय नलासाठीच योजलेला होता. पुष्पवृष्टी होते. नलाची शंका फिटते, आणि मगच तो आपले मूळ रूप धारण करतो.

एका बाजूला पत्नीने योजलेले असत्य, दुसऱ्या बाजूला पतीने मोडलेले वचन. साक्षीदार बोलावले गेले ते पहिल्यासाठी. दुसऱ्यासाठी कलीचे निमित्त पुरेसे झाले.

(६) शब्दांची साक्ष

ही विषमता केवळ कथाकाराची नव्हे. ती शब्दसंग्रहात मुरलेली आहे. 'असणे' या अर्थाच्या अस् धातूपासून 'सत्' हे धातुसाधित होते आणि 'सत्य' हा शब्द त्याच्याच कुळातला. याच 'सत्'च्या पुल्लिंगी बहुवचनी रूपातून मराठीला 'संत' मिळाला, आणि स्त्रीलिंगी रूप 'सती'. 'संत' हा शब्द मनुष्याचे ईश्वराशी व समाजाशी असलेले नाते सांगतो, आणि तो जनाबाईलाही लागतो. 'सती' मात्र प्रथम पतीशी असलेल्या निष्ठेपुरती संकोचली आणि पुढे त्याच्या चितेपर्यंत गेली. स्त्रीचे सत्य म्हणजे पतिनिष्ठा, असे समीकरण शब्दानेच मांडून ठेवले.

'सवत' हा शब्द 'सपत्नी'पासून आला. एका पतीच्या दोन पत्नींना हे नाव आवश्यक होते. संस्कृतातील 'सपत्न' हा पुल्लिंगी शब्द त्यावरून मागाहून घडला. पण त्याचा अर्थ एका पत्नीचा दुसरा पती असा नसून केवळ शत्रू असा आहे. मराठीत रामाला 'एकवचनी, एकबाणी, एकपत्नी' म्हणतात. त्यात शब्दाची निष्ठा व पत्नीची निष्ठा शेजारी बसतात खऱ्या, परंतु पुरुषाच्या बाबतीत ती गौरवाची विशेषणे आहेत. 'पतिव्रता' ही मात्र अपेक्षा आहे.

लोकव्यवहाराची भाषा अधिक मोकळी आहे. वऱ्हाडातील अनेक जातींत स्त्रीच्या पुनर्विवाहाची रूढी जुनी असून 'पाट', 'गंधर्व', 'काडीमोड' व 'फारकत' हे शब्द तिची साक्ष देतात. स्मृतींतील गांधर्व विवाह म्हणजे परस्परांच्या इच्छेने झालेले मीलन. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा असा विवाह वत्सगुल्म नगरीत, म्हणजे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशीम येथे, लावला आहे. लोकभाषेत तोच शब्द स्त्रीच्या दुसऱ्या विवाहाला लागला. तरीही एक भेद उरतोच. पुरुषाचे कितवेही लग्न हे 'लग्न'. स्त्रीचे दुसरे लग्न मात्र 'पाट'.

(७) कायद्याची साक्ष

मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या बहुपत्नीकत्वाला १९४६ मध्ये कायद्याने बंदी झाली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात असल्यामुळे ती येथे लागू झाली नाही. अमरावती-अकोल्याच्या हिंदू पुरुषाला एकपत्नीत्वाचे सर्वसाधारण बंधन पडले ते १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आल्यावर. व्यभिचाराविषयीचे भारतीय दंडसंहितेचे ४९७ वे कलम १८६० पासून होते. त्याखाली अपराधी ठरे तो परपुरुष, आणि पतीची संमती असेल तर अपराधच होत नसे. पत्नीला मात्र आपल्या पतीविरुद्ध या कलमाने फिर्याद करता येत नसे. म्हणजे विवाहातील निष्ठा ही पतीच्या मालकीची वस्तू मानलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. व्यभिचार घटस्फोटाचे कारण म्हणून मात्र राहिला, आणि ते पती व पत्नी या दोघांनाही सारखेच उपलब्ध आहे.

(८) समारोप

दमयंतीच्या असत्याला वायूने दोष दिला नाही, यावरून कथेला अभिप्रेत असलेली सत्याची मर्यादा स्पष्ट होते. ज्या शब्दाने ऐकणारा आपल्या खऱ्या रूपाकडे परत येतो तो शब्द असत्य असूनही प्रतारणा ठरत नाही; आणि ज्या शब्दाच्या आडून निघून जावयाचे असते तो कितीही गोड असला तरी प्रतारणाच असतो. दमयंतीची वार्ता पहिल्या प्रकारची, नलाचे अरण्यातील आश्वासन दुसऱ्या प्रकारचे.

मराठीत सचोटीच्या माणसाला 'प्रामाणिक' म्हणतात. हा शब्द 'प्रमाण' म्हणजे पुरावा यावरून आला आहे. विवाहात हा पुरावा शतकानुशतके एकाच बाजूने मागितला गेला. 'इमान' हा फारशीतून आलेला शब्द मात्र सचोटी व निष्ठा हे दोन्ही अर्थ सांगतो आणि स्त्रीपुरुष असा भेद करीत नाही. पतिपत्नींच्या नात्याला दोघांपैकी कोणाकडेही झुकते माप न देणारा शब्द हवा असेल, तर तो आपल्या बोलीत पूर्वीपासूनच आहे.