विज्ञानाच्या इतिहासात पहिली नोकरी

विज्ञानाच्या इतिहासात पीएचडी झाली, पुढे काय? आपल्याकडे या विषयाचे स्वतंत्र विभाग अगदी थोडे. म्हणून बंगळुरूच्या एनसीबीएसमधलं अभिलेखागार मोलाचं. मुंबईच्या टीआयएफआरच्या या जीवशास्त्र केंद्राने ते २०१९ साली सर्वांसाठी खुलं केलं. केंद्राचे संस्थापक ओबेद सिद्दीकी यांची कागदपत्रं इथे जपली आहेत.

अभिलेखागारातलं काम बरंचसं हातांचं. गंजलेली टाचणी पान न फाडता काढायची, कागद आम्लरहित खोक्यात शक्यतो मूळ क्रमानेच ठेवायचे, वयस्क शास्त्रज्ञांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या. नव्या अभ्यासकाला ही शिदोरी कुठल्याही पुस्तकातून मिळत नाही.

याच शहरात, भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दाखल झाल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला, मग वर्षभराच्या अटीवर घेतलं. ही हकिकत आपण कौतुकाने सांगतो. पण त्या काळात आणखी किती मुलींनी दार ठोठावलं, हे जुन्या दप्तरांतून शोधायचं तर कुणाला तरी सलग काही वर्षं पगार द्यावा लागेल. सहा महिन्यांच्या फेलोशिपमध्ये जेमतेम दप्तरांची ओळख होते.